कपारीखालचं शिबिर

जानकीबाई घोळवे भित्र्या आहेत, हे आमच्या शाळेत शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. सहलीची एसटी घाटात वळली की त्या डोळे मिटून घेत. मुली मैदानावर खेळायला सुटल्या की दर दहा मिनिटांनी त्यांची मोजदाद करत. मी विज्ञान शिकवायचो. प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा पेटवला की बाई आपला तास सोडून माझ्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि दिवा विझेपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. आम्ही मास्तर लोक चहाच्या वेळी त्यांची चेष्टा करायचो. मीही करायचो, हे आता सांगताना बरं वाटत नाही.

अशा बाईंकडे गाइडचं पथक होतं. दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून ते त्यांच्या गळ्यात पडलं होतं.

आमची शाळा नांदूरघाटपासून सहा-सात किलोमीटरवर, एका सहकारी साखर कारखान्याच्या शिक्षण संस्थेची. कारखाना चालायचा तेव्हा शाळाही जोरात असायची. पण मी सांगतोय ते दोन हजार चार सालच्या जानेवारीतलं. पाऊस दगा देत होता त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. जो थोडा ऊस उभा होता तो लोकरी माव्याच्या किडीनं खाल्ला. कारखान्याचा बॉयलर त्या हंगामात पेटलाच नाही. बाईंचे मिस्टर राधाकिशन कारखान्याच्या वजनकाट्यावर होते, ते घरी बसून होते. आसपासच्या वाड्यांवरचे लोक ऊसतोडीला कोयता घेऊन पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत गेले होते. गावात उरली होती म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी लेकरं.

गाइडच्या मुलींना तृतीय सोपानची परीक्षा द्यायची होती आणि दोन मुक्कामांचं शिबिर केल्याशिवाय ती देता येत नव्हती. संस्थेचे चेअरमन सुंदरराव म्हणाले, "औंदा ऱ्हाऊ द्या ना बाई. प्यायला पानी न्हाई, अन् कुठं डोंगरात फिरता?"

बाईंना हेच हवं होतं. त्यांना सुटल्यासारखं झालं. पण मुली ऐकेनात. आठवी-नववीच्या चौतीस मुली हेडमास्तरांच्या खोलीबाहेर येऊन उभ्या राहिल्या, ओरडल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी हेडमास्तरांनी सुंदररावांना गळ घातली आणि शिबिर ठरलं.

घरच्यांची संमती घ्यायला बाई वाडीवस्तीवर फिरल्या. शिवकन्या नावाची नववीतली एक मुलगी होती. आईबाप कोयत्यावर, ही आजीपाशी. वर्गात तोंड उघडायची नाही. प्रश्न विचारला की उभी राहून जमिनीकडं बघायची. तिची आजी रुक्मिणीबाई अंगणात तुरी झोडपत होती. तिनं बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"सा-सा महिने पाचटाच्या कोपीत काढतेत आमची लेकरं. ही पोरगी तर कोपीतच जल्मली. हिला बाहेर ऱ्हायाचं शिकवायला तुमी डोंगरात नेता व्हय?"

कोपी म्हणजे फडावर ऊसतोड्यांनी घातलेली पाचटाची झोपडी. बाईंना स्वतःलाही तेच वाटत होतं.

"न्या," रुक्मिणीबाई म्हणाली. "पर जशी नेता तशी आनून सोडा."

हे शेवटचं वाक्य बाईंच्या मनात रुतून बसलं. पुढचे आठ दिवस त्या भाकरी थापतानासुद्धा ते पुटपुटत होत्या, असं राधाकिशन मला म्हणाले.

जागा निवडली ती बालाघाटाच्या एका घळीतली. डोंगराच्या पोटाला घोड्याच्या नालासारखी मोठी कपार होती. तिच्या बुडाशी एक झरा होता. चाळीस गावांत टँकर चालू होते, पण हा झरा करंगळीएवढा का होईना वाहत होता. समोर पाझर तलाव, पूर्ण आटलेला, तळाला भेगा पडलेल्या. तलावाच्या पल्याड तीन किलोमीटरवर एक गाव. गावात दूध सोसायटी, आणि सोसायटीत फोन.

आधीच्या रविवारी बाई एकट्या जाऊन सगळं बघून आल्या. कपारीच्या वरच्या ओठाला आग्या मोहोळाची सात-आठ पोळी लोंबत होती, सुपाएवढाली, काळी. दुष्काळात पाणी उरलं होतं ते इथंच, म्हणून माश्याही इथंच जमल्या होत्या. बाईंनी शेरडं राखणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारलं.

"त्या आपल्या वाटंला जात न्हाईत," तो म्हणाला. "धूर तेवढा करू नका. अन् उठल्याच तर पळू नका. अंगावर घोंगडं घेऊन मेल्यावानी पडून ऱ्हावा."

दुसरी जागा शोधायची म्हटलं तर पाणी नव्हतं. बाईंनी मुलींच्या सामानाच्या यादीत एक गोष्ट वाढवली. प्रत्येकीनं जाड वाकळ आणायची. आणि शाळेच्या मैदानावर त्यांनी आठवडाभर एकच कवायत घेतली. एक लांब शिट्टी म्हणजे आहे तिथं आडवं व्हायचं आणि वाकळ डोक्यावरून ओढायची. दोन शिट्ट्या म्हणजे सरपटत पुढचीच्या पायामागं जायचं. तिसरा इशारा नव्हताच. मुली हसायच्या. आम्ही मास्तरही व्हरांड्यातून बघत हसायचो. चौतीस पोरी भर उन्हात गोधड्या पांघरून मैदानात आडव्या पडलेल्या, आणि बाई मधून शिट्टी वाजवत फिरताहेत. एक सर म्हणाले, "बाईंनी झोपायची कवायत काढली." ते बाईंनी ऐकलं होतं. त्यांनी पुन्हा शिट्टी वाजवली.

शिबिराचा पहिला दिवस चांगला गेला. मुलींनी तंबू उभे केले, गाठी मारल्या, दोन काठ्यांना वाकळ गुंडाळून स्ट्रेचर करायला शिकल्या. सोजर नावाची आठवीतली हाडकुळी मुलगी स्ट्रेचरवर झोपली आणि बाकीच्यांनी तिला झऱ्यापर्यंत मिरवलं. शिवकन्येनं न सांगता झऱ्याला दगडांची छोटी पाळ घातली, त्यामुळं घागर लवकर भरू लागली. "हे कुठं शिकलीस?" बाईंनी विचारलं. "तिकडं," ती म्हणाली. तिकडं म्हणजे उसाच्या फडावर.

स्वयंपाकाला भामाबाई होती, शाळेच्या खिचडीवरची. बाईंनी तिची चूल कपारीपासून दोनशे पावलं दूर, तलावाच्या बांधापाशी मांडायला लावली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर वारं सुटलं. चूल धड पेटेना, पेटली की जाळ आडवा जाई. भामाबाई वैतागून बाईंपाशी आली.

"बाई, त्या खडकाच्या आडुशाला घेऊ का चूल? वारं उलटं हाय, धूर तलावाकडं जातुया."

बाईंनी हात वर करून वारा बघितला. खरंच तो डोंगराकडून तलावाकडे वाहत होता. त्यांना आणखी एक गोष्ट वाटली, जी त्यांनी मला फार वर्षांनी सांगितली. बांधावरची चूल त्यांना तंबूंपासून दिसत नव्हती. मदतीला गेलेल्या चार मुली नजरेआड राहायच्या आणि त्यांचा जीव खाली-वर व्हायचा. खडकाच्या आडोशाला चूल आली तर सगळ्या डोळ्यांसमोर राहतील. त्या म्हणाल्या, "घ्या."

"मी भिऊन तसं केलं, सर," त्या मला म्हणाल्या. "धीट बाई असती तर चूल तिथंच ठेवली असती."

साडेनऊ-दहाचा सुमार. मुलींची अंथरूण-पाहणी चालू होती. प्रत्येकीनं आपल्या तंबूसमोर वाकळ घडी करून ठेवलेली आणि मागं स्वतः उभी. बाई रांगेतून बघत चालल्या होत्या. एकदम वारं पडलं. पानसुद्धा हलेना. मग ते दुसऱ्या बाजूनं सुरू झालं. चुलीचा धूर सरळ वर उठला आणि कपारीच्या पोटात शिरला.

पहिल्यांदा आवाज आला. बाई सांगायच्या की लांबवर ट्रॅक्टर चालू झाल्यासारखा वाटला. वर बघितलं तर एक पोळं पांढरं पडलेलं. माश्या उठल्या की खालचं मेण उघडं पडतं. काय झालं हे कळायच्या आत शेजारचं पोळं उघडं पडलं.

शिट्टी बाईंच्या गळ्यात होती, ती त्यांनी तोंडात धरली, पण फुंकायला श्वासच येईना. तीन-चार क्षण नुसते गेले. त्या क्षणांची त्यांना पुढं स्वप्नं पडायची. मग शिट्टी वाजली.

मुली आडव्या झाल्या. वाकळी समोरच होत्या. मैदानावर हसत हसत केलेलं अंगात मुरलेलं होतं. चुलीपाशी चार मुली आणि भामाबाई होत्या, त्या वारं अडवायला लावलेल्या तट्ट्याखाली शिरल्या. एवढ्या मोठ्या घळीत माणूस दिसेना, नुसत्या रंगीबेरंगी वाकळी पडलेल्या, आणि वर काळा ढग गरगरत खाली येणारा.

एकटी सोजर पळाली. तिनं वाकळ हातात घेतली होती, पण माशी कानाशी आली आणि तिनं ती टाकून दिली. किंचाळत ती तलावाकडं धावली. माश्यांचा एक लोट तिच्यामागं वळला.

आता बाईंनी काय केलं ते मुलींनी पाहिलं नाही, कारण सगळ्यांचे डोळे झाकलेले होते. बाईही धड सांगत नसत. सोजरनं सांगितलं तेवढंच खरं. मागून कुणीतरी तिला खाली पाडलं, अंगावर वाकळ टाकली आणि वाकळीवर स्वतः पडलं. तिला वरून बाईंचा आवाज येत होता. "हलू नको. हलू नको बाळ." मग काही वेळानं तो आवाज थांबला.

वाकळीखाली पडलेल्या मुलींना वेळ कळत नव्हता. आत अंधार, जुन्या कापडाचा वास, आणि पाठीवर बोटांनी टिचक्या माराव्या तशा माश्या आपटत होत्या. कुणी रडत होतं ते तोंडात पदर कोंबल्यासारखं दबकं. एकीनं मला सांगितलं, "सर, मला वाटलं बाकीच्या मेल्यात अन् मी एकटीच हाय." शिट्टीची वाट बघत त्या पडून होत्या. दोन शिट्ट्या झाल्या की सरपटायचं, हे ठरलेलं. पण दुसरी शिट्टी होत नव्हती.

शिवकन्येची वाकळ रांगेच्या टोकाला होती. तिनं फट पाडून बघितलं. साठ-सत्तर पावलांवर तलावाच्या काठाशी बाई पडलेल्या दिसल्या. त्यांच्या पाठीवर माश्यांचा थर होता.

ती मला नंतर म्हणाली, "लई भ्याव वाटलं सर." मी विचारलं, मग तू काय केलंस? तिनं सांगितलं ते असं. फडात रान पेटवतात तेव्हा तिचा बाप तिला सांगायचा की जिकडून वारं येतं तिकडं तोंड कर. वारं आता तलावाकडून येत होतं, म्हणजे धूर आणि माश्या दोन्ही कपारीकडं ढकलले जात होते. ज्या उरल्या होत्या त्या वाऱ्यावर टिकत नव्हत्या. पण शिट्टी बाईंच्या गळ्यात होती आणि बाई उठत नव्हत्या. तेव्हा या मुलीनं, जी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची, वाकळीखालून मोठ्यानं आवाज दिला.

"दोन शिट्ट्या झाल्यात समजा. चला."

कुणी हललं नाही. तिनं पुन्हा आवाज दिला. मग पलीकडची वाकळ हलली, मग तिच्या पुढची. चौतीस मुलींतल्या एकोणतीस अशा रांगेनं, डोक्यावर वाकळी घेऊन, पोटावर सरपटत तलावाच्या भेगाळलेल्या तळात उतरल्या. पंधरा-वीस मिनिटं लागली. कोपरं सोलून निघाली. चुलीपाशीच्या चौघी भामाबाईबरोबर बांधाच्या मागून वळसा घालून आल्या. भामाबाईचा एक डोळा सुजून बंद झाला होता आणि ती सारखी एकच म्हणत होती, "मी केलं गं हे, मी केलं."

बाई शुद्धीत होत्या, पण तोंड ओळखू येत नव्हतं. ओठ, पापण्या, गळा, सगळं सुजलेलं. श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. त्यांनी बोटांनी मुलींकडं खूण केली. कुणाला कळेना. शिवकन्येला कळलं. ती म्हणाली, "चौतीस हायेत बाई. सगळ्या हायेत." बाईंनी डोळे मिटले.

काठ्या आणायला कपारीकडं कुणीतरी परत जायला हवं होतं. तंबूंपाशी अजून माश्या होत्या. कुणी पुढं होईना. शेवटी तिघींनी चिठ्ठ्या नाही, काही नाही, एकमेकींकडं बघितलं आणि वाकळी घट्ट गुंडाळून गेल्या. तंबूच्या दोन काठ्या उपसून आणल्या. एकीला चार डंख झाले. कालच्यासारखं स्ट्रेचर बांधलं. काल सोजर झोपली होती, आज बाई. सोजर स्ट्रेचरची कड धरून चालत होती.

तीन किलोमीटर. आठ जणी खांद्याला, शंभर पावलं झाली की दुसऱ्या आठ. तलावाचा तळ संपला की खडकाळ चढ होता. जानेवारी असूनही ऊन चटचटत होतं, प्यायला पाणी नव्हतं, घागरी मागंच राहिल्या होत्या. चढावर एकदा काठी निसटली आणि बाई कलंडल्या, पण मुलींनी त्यांना खाली पडू दिलं नाही. मधेच त्यांच्या श्वासाचा आवाज बंद झाल्यासारखा वाटला. सगळ्या थांबल्या. शिवकन्येनं कान लावला. मग म्हणाली, "हाय. चला." पुन्हा थोड्या वेळानं तसंच. अशा तीनदा थांबल्या. एक मुलगी मला म्हणाली की माश्यांपेक्षा तिला ते थांबणं जास्त भीतीचं वाटलं.

गावच्या दूध सोसायटीत धर्मराज नावाचा सेक्रेटरी होता. दुष्काळानं जनावरं विकली गेली होती, दोन कॅनसुद्धा भरत नव्हते. दूध संघाचा टेम्पो दारात उभा होता आणि ड्रायव्हर निघायच्या बेतात होता. धर्मराजनं पोरींची ती रांग बघितली आणि पाटीवर लिहायचं सोडून धावला.

"कॅन उतरव बे," तो ड्रायव्हरला म्हणाला.

"दूध नासंल."

"नासू दे. उतरव म्हणतो ना."

दूध तिथंच उतरलं आणि बाईंना टेम्पोत घातलं. शिवकन्या आणि भामाबाई बरोबर गेल्या. धर्मराजनं शाळेला फोन लावला. फोन मी उचलला. पलीकडचा आवाज म्हणाला, "तुमच्या बाईंना मोहोळ लागलं, दवाखान्यात नेलंय. पोरी हितं हायेत." मी विचारलं, किती पोरी? तो म्हणाला थांबा. मग मला फोनमधून त्याचं मोजणं ऐकू येत राहिलं. एक, दोन, तीन. ती मोजणी संपेपर्यंत हेडमास्तर माझ्यासमोर उभे होते आणि आम्ही दोघंही एकमेकांकडं बघत नव्हतो. बत्तीसवर तो थांबला. मला खुर्चीवर बसावं लागलं. मग मागून कुणीतरी त्याला सांगितलं की एक टेम्पोत गेली. तरी एक कमी पडत होती. ती सोसायटीच्या मागं रिकाम्या हौदात लपून बसलेली सापडली. ती सोजर.

दवाखान्यात डॉक्टरांनी लागोपाठ इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. अंगातून दीडशेच्या वर काटे काढले. बाई चार दिवसांनी बोलू लागल्या, दहाव्या दिवशी घरी आल्या.

पुढं व्हायचं ते झालं. सुंदरराव संस्थेच्या बैठकीत म्हणाले की शिबिरं बंद. चौकशी झाली. भामाबाई सगळ्यांसमोर म्हणाली की चूल मी हलवली. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "तिनं मला विचारलं होतं. मी हो म्हणाले. चूक माझी." त्यांची वेतनवाढ रोखली गेली. त्यांनी तक्रार केली नाही.

रुक्मिणीबाई एकदा त्यांना बघायला आली. मला वाटलं आता भांडेल. तिनं पाटीत शेंगा आणल्या होत्या. त्या ठेवून ती बसली. मग म्हणाली, "कोपीत ऱ्हाताना आमची पोरगी भेली तर भेली. कुनी इचारत न्हाई, कुनी सांगत न्हाई की भ्याल्यावर काय करायचं. मला बी कुनी सांगितलं न्हवतं." एवढंच. उठून गेली.

सोजर मात्र शाळेत येईना. माशी दिसली तरी घरात पळायची. घोंगावण्याचा आवाज आला की कान झाकून कोपऱ्यात बसायची. बाई अंगावरची सूज उतरायच्या आधी तिच्या घरी गेल्या. मी बरोबर होतो. सोजर उतरंडीमागं बसली होती, बाहेर येईना. बाई जमिनीवर तिच्याजवळ बसल्या आणि त्यांनी तिला एक गोष्ट सांगितली, जी मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

युसूफ वडगावजवळ बाईंचं माहेर. बहात्तरच्या दुष्काळात त्या दहा वर्षांच्या होत्या. विहिरीच्या तळाला बोटभर पाणी साचायचं. मोठं माणूस उतरायला जागा नव्हती, म्हणून लहान पोरींना दोराला बांधून खाली सोडायचे. वाटीवाटीनं घागर भरायची. एक दिवस जानकी खाली असताना वर दुष्काळात सरकार वाटायचं त्या सुकडीची गाडी आल्याची हाक झाली आणि सगळे तिकडं धावले. दोर वरच बांधलेला राहिला. दुपार टळेपर्यंत ती तळाशी उभी होती. वर गोल आभाळ दिसत होतं. ओरडून आवाज गेला. काढलं तेव्हा आई म्हणाली, घागर भरली का? दुसऱ्या दिवशी परत उतरवलं.

"तवापासून मी भिते," बाई सोजरला म्हणाल्या. "रोज. कशालाही. शिट्टी वाजवायची होती तेव्हाही मी भ्यालेलीच होते. तू पळालीस त्यात तुझा गुन्हा नाही."

सोजर ऐकत होती, पण बाहेर आली नाही. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं. पंधरा वर्षांची होती. बाप म्हणाला, शाळेत जात न्हाई, मग घरात ठिवून काय करू? बाई दोनदा गेल्या, हातापाया पडल्या, जमलं नाही. लग्नाच्या दिवशी त्या शिकवायला उभ्या राहिल्या आणि फळ्याकडं तोंड करून तशाच राहिल्या.

मला वाटलं होतं बाई आता गाइडचं नाव घेणार नाहीत. पाऊस झाला, पुढच्या हंगामात कारखान्याची चिमणी पेटली, आणि डिसेंबरात बाई सुंदररावांच्या दारात जाऊन बसल्या. बरोबर शिवकन्या आणि सहा-सात पोरी. सुंदरराव म्हणाले, "बाई, तुमाला मरताना बघितलंय लोकांनी. काहून परत?"

बाई म्हणाल्या, "त्या दिवशी पोरी मेल्या नाहीत, कारण त्यांना ठाऊक होतं काय करायचं. ते मी मैदानावर शिकवलं होतं. अजून बरंच शिकवायचं राहिलंय."

"अन् पुन्हा काही झालं तर?"

"होऊ शकतं," बाई म्हणाल्या. "मला रोज तेच वाटतं."

सुंदररावांनी पानाचा डबा उघडला, मिटला. मग म्हणाले, तंबू दोन दिवस, पण मास्तर दोघं बरोबर. त्यातला एक मी.

त्यानंतर पंधरा शिबिरं झाली. मी सगळ्यांना गेलो. दर वेळी मुलींना गोलात बसवून त्या पहिला प्रश्न एकच विचारायच्या, "तुम्हाला कशाची भीती वाटते?" पहिल्या वर्षी कुणी बोललं नाही. मग एकीनं सांगितलं, फडावर आईबाप कोयता घेऊन गेले की तान्ह्या भावाला कोपीत सांभाळत ती एकटी असते, आणि बाहेर कुत्री असतात. दुसरी म्हणाली, टोळीतल्या एका माणसाची. ती गोष्ट बाईंनी तिथं वाढवली नाही, पण परत आल्यावर टोळीच्या मुकादमाच्या घरी जाऊन बसल्या. त्या माणसाला पुढच्या हंगामात टोळीत घेतलं नाही. शिबिरात गाठी, तंबू, नकाशे सगळं होतंच. पण मुली बोलायला शिकल्या त्या तिथंच. घरात त्यांना तेवढी जागा नव्हती.

शिवकन्या बारावीपर्यंत शिकली. मग लग्न झालं. आज नवऱ्याबरोबर कोयत्यावर जाते. तिला नोकरी लागली, ती मोठी झाली असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण टोळीत आगाऊ घेतलेल्या उचलीवरून, पाण्यावरून, बायांच्या आजारपणावरून मुकादमापुढं उभं राहून बोलते ती हीच, असं तिच्या गावचे लोक सांगतात.

दोन हजार वीसच्या जानेवारीत बाईंचं शेवटचं शिबिर होतं. मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. शाळेच्या फाटकाशी बस उभी होती. मुली चढत होत्या. एक बाई सातवीतल्या मुलीचा हात धरून आली. अंगणवाडीत मदतनीस होती, निळी साडी नेसलेली. मी ओळखलं नाही. जानकीबाईंनी लांबूनच ओळखलं.

"सोजर," त्या म्हणाल्या.

सोजर तीस वर्षांची होती, पण थकलेली दिसत होती. मुलीचं नाव कावेरी. आमच्याच शाळेत होती आणि बाईंना आजवर ठाऊक नव्हतं की ती सोजरची. सोजरनं मुलीला मुद्दाम सांगू दिलं नव्हतं.

"बाई, मोहोळ हाय का तिथं?"

बाई खोटं बोलू शकल्या असत्या. मी तरी बोललो असतो.

"आहे," त्या म्हणाल्या. "अर्ध्या कोसावर, एका वडाला. परवा बघून आले. आपण त्या अंगाला जाणार नाही. तरी पोरींना वाकळी आणायला सांगितल्यात, अन् कवायत झालीय."

सोजरनं पोरीचा हात आणखी घट्ट धरला. कावेरी आईकडं बघत होती. बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कुणी घाई केली नाही.

"लई भ्याव वाटतं बाई," सोजर म्हणाली.

"मलाही."

सोजरनं पोरीच्या पाठीवरची वाकळीची गुंडाळी सारखी केली. दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधली, घट्ट. मग म्हणाली, "जा."

कावेरी बसमध्ये चढली. बस नांदूरघाटच्या रस्त्याला लागेपर्यंत सोजर फाटकाशी उभी होती. बाई मागच्या काचेतून तिच्याकडं बघत राहिल्या. मग वळल्या, आणि मुलींची नावं वाचायला सुरुवात केली.